सदस्य वाढले की चर्चा का घसरते, आणि ती कुठे सावरता येते

प्रश्न असा आहे: "इंटरनेटवरच्या आमच्या चर्चास्थळावर दोनशे सदस्य होते तेव्हा चर्चा रंगायच्या, माहिती देणारे प्रतिसाद यायचे. आता वीस हजार सदस्य आहेत आणि बरेच धागे पहिल्या दहा प्रतिसादांतच हमरीतुमरीवर येतात. नवी नोंदणी बंद करावी, की स्थळाची रचना बदलावी?"

नोंदणी बंद करू नका. चर्चास्थळं बांधणं आणि त्यांचं संपादन करणं ही दोन्ही कामं मी गेली अठरा वर्षं करते आहे आणि दारं लावून घेतलेली स्थळं जवळून पाहिली आहेत. पहिलं वर्षभर बरं वाटतं. मग जुन्यांपैकी कुणाच्या घरी लहान मूल येतं, कुणाची नोकरी बदलते, कुणाचा लिहिण्यातला रस संपतो. एकेक जण गळतो आणि त्याची जागा घ्यायला मागे कोणीच नसतं. शेवटी सात-आठ जण उरतात आणि त्यांना एकमेकांची मतं इतकी पाठ असतात, की धागा निघण्याआधीच कोण काय लिहिणार हे ठरलेलं असतं.

तेव्हा रचनाच बदला. पण काय बदलायचं हे कळण्यासाठी दोनशेचे वीस हजार होताना नेमकं काय झालं ते आधी पाहू.

साधा हिशेब करा. दहा माणसांत जोड्या होतात ४५. दोनशे माणसांत १९,९००. वीस हजारांत जवळजवळ २० कोटी. दोनशे होते तेव्हा नाव वाचलं की माणूस आठवायचा: हा फटकळ लिहितो पण मनात काही ठेवत नाही, ही आकडे तपासल्याशिवाय बोलत नाही. त्या ओळखीनेच निम्मी शिस्त सांभाळली जायची. काल ज्याच्याशी बोललो त्याच्याशी उद्याही बोलायचं आहे, हे ठाऊक असलं की माणूस वाक्य टाकण्याआधी एकदा वाचून पाहतो. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात मेंदूच्या आकारावरून असा अंदाज मांडला, की माणूस सुमारे १५० जणांशीच स्थिर नातं सांभाळू शकतो. त्या आकड्यावर बरेच वाद आहेत, त्यामुळे मी तो नियम म्हणून वापरत नाही. पण प्रत्येक स्थळावर एक दिवस असा येतो की जुने सदस्य प्रतिसादावरचं नाव पाहून "हे कोण?" म्हणू लागतात. तुमच्याकडे तो दिवस केव्हाच येऊन गेला आहे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू. समजा शंभरात एक जण मुद्दाम भांडण उकरणारा आहे. दोनशेत असे दोन. त्यांची नावं सगळ्यांना माहीत आणि त्यांच्याकडे काणाडोळा कसा करायचा हेही अंगवळणी पडलेलं. वीस हजारांत असे दोनशे, आणि ते एकमेकांना बरोबर शोधून काढतात. पण समजा शंभरात एक जण एखाद्या विषयातला खरा जाणकार आहे. मग तुमच्याकडे आज जाणकारही दोनशे आहेत. पूर्वी दोन होते. नोंदणी बंद करू नका असं मी म्हणते ते यासाठी. त्या दोनशे भांडखोरांच्या आधी हे दोनशे जाणकार वाचकाच्या नजरेला पडतील की नाही, हे पानाची मांडणी ठरवते. तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर मी याच एका मुद्द्याभोवती देणार आहे.

मांडणीकडे वळण्यापूर्वी वेगाबद्दल बोलायला हवं, कारण लोक संख्येला दोष देतात तेव्हा पुष्कळदा दोष वेगाचा असतो. युजनेट हे १९८० मध्ये सुरू झालेलं चर्चेचं जाळं. ते मुख्यतः विद्यापीठांतून वापरलं जायचं. दर सप्टेंबरमध्ये नवे विद्यार्थी यायचे, काही आठवडे गोंधळ घालायचे, जुने लोक त्यांना रीतभात शिकवायचे आणि गाडी रुळावर यायची. १९९३ च्या सप्टेंबरपासून मात्र व्यावसायिक इंटरनेट सेवांमधून माणसं येत राहिली ती थांबलीच नाहीत. जुन्या लोकांनी त्या काळाला 'न संपणारा सप्टेंबर' असं नाव दिलं. एक जुना सदस्य दोन नव्यांना सांभाळून घेऊ शकतो, वीस जणांना नाही. वीस नवे एकदम आले की ते एकमेकांकडे बघून शिकतात, आणि मग जे चालू आहे तीच इथली रीत असा त्यांचा समज होतो. त्यात त्यांची काही चूक नसते.

संख्या वाढली म्हणजे दर्जा पडणारच, असंही नाही. रेडिट हे विषयवार विभागांचं मोठं चर्चास्थळ. त्यावरचे काही विभाग एके काळी प्रत्येक नव्या सदस्याच्या पहिल्या पानावर आपोआप दिसायचे, आणि एखादा विभाग त्या यादीत गेला की त्याच्याकडे रातोरात लोंढा यायचा. अशा विभागांवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं शीर्षकच विचारत होतं, लहान असताना बरं होतं का? उत्तर मिळालं ते असं की लोंढ्यानंतर थोडा काळ धक्का बसला, पण दर्जाबद्दलच्या तक्रारी वाढल्या नाहीत, भाषाही फारशी बदलली नाही आणि लेखनाला पसंतीची मतं पूर्वीइतकीच पडत राहिली. तिथे मतदानाची व्यवस्था होती, आणि कडक संपादनाचाही याला हातभार लागला. इतिहासाच्या प्रश्नोत्तरांचा रेडिटवरचा 'आस्क हिस्टोरियन्स' हा विभाग तर दहा लाखांहून अधिक सदस्यांचा आहे आणि तिथली उत्तरं आजही जपून ठेवावीत अशी असतात. तिथे अपुरी, आधार नसलेली उत्तरं सरळ काढून टाकतात. वाचकाला अनेकदा प्रश्नाखाली बराच वेळ काहीच दिसत नाही, आणि ती वाट पाहणं तिथल्या लोकांनी मान्य केलं आहे.

आता पान.

काही वर्षांपूर्वी एका चर्चास्थळाची घसरण तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. सगळे तक्ते बाजूला ठेवून मी एकच धागा उघडला आणि वेळेनुसार वाचत गेले. सकाळी एका बाईंनी विचारलं होतं: हाडांची घनता कमी झाली आहे असं तपासणीत निघालं, कोणते व्यायाम करावेत आणि कोणते टाळावेत? दोन मिनिटांत पहिला प्रतिसाद: "रोज चाला." पाच मिनिटांत दुसरा: "असले प्रश्न डॉक्टरांना विचारायचे असतात, इथे नाही." त्यावर तिसरा: "इथे विचारलं तर तुमचं काय जातं?" तिथून पुढे दुपारपर्यंत एकोणतीस प्रतिसाद आले आणि जवळपास सगळे 'इथे असं विचारावं की नाही' यावर. दुपारी पावणेदोनला एका फिजिओथेरपिस्टचा प्रतिसाद आला. चांगला सहाशे शब्दांचा. स्नायूंवर भार येईल असे व्यायाम का लागतात, ते हळूहळू कसे वाढवायचे, कमरेतून पुढे वाकून करायचे प्रकार मणक्यासाठी का टाळायचे, तोल सांभाळण्याचा सराव का महत्त्वाचा. लिहायला दोन-तीन तास नक्की गेले असतील. तो प्रतिसाद तेहतिसावा होता, म्हणजे दुसऱ्या पानावर. त्याखाली एकच ओळ होती, विचारणाऱ्या बाईंची: "मनापासून आभार." त्या फिजिओथेरपिस्टने त्या स्थळावर पुन्हा कधी लांब लिहिलं नाही. मी त्यांचं खातं मुद्दाम पाहिलं होतं.

त्या धाग्यात वाईट माणूस एकही नव्हता. प्रतिसाद आले त्या क्रमाने लागत होते, त्यामुळे जो लवकर लिहील तो वर, आणि लवकर लिहिता येतं ते एका ओळीचंच. शिवाय मुखपृष्ठावर धागे 'शेवटचा प्रतिसाद कधी आला' या क्रमाने होते. ज्या धाग्यात दोघांची जुंपली आहे तो दर दोन मिनिटांनी वर येणार आणि ज्यात एकच उत्तम उत्तर आलं आहे तो खाली जाणार. लहान स्थळावर ही पद्धत छान चालते, कारण दिवसाला दहा धागे असतात आणि सगळे सगळं वाचतात. वीस हजारांवर तीच पद्धत भांडणाला मुखपृष्ठ बहाल करते. तुमच्याकडे आजही हीच मांडणी असेल, तर बाकी काही करण्याआधी ही बदला.

बदलायची कशाने? हॅकर न्यूज हे २००७ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी सुरू केलेलं स्थळ. तिथे धाग्याला मिळालेल्या मतांच्या मानाने प्रतिसाद फार वाढू लागले की तो धागा आपोआप खाली ढकलला जातो. दोघांची उत्तराला प्रत्युत्तर अशी माळ खोल गेली की 'उत्तर द्या' हा दुवा काही वेळ दिसतच नाही. मला हे दोन्ही उपाय फार आवडतात, कारण त्यांत कुणाला शिक्षा नाही, फक्त थोडा अवधी आहे. रागाच्या भरात लिहायचं वाक्य दहा मिनिटं थांबलं की बहुतेक वेळा लिहिलंच जात नाही.

धाग्याच्या आत प्रतिसाद कसे लावायचे, हा याहून नाजूक प्रश्न. मतदान ठेवलं तर मतं मोजायची कशी, इथेच बहुतेकांची चूक होते. नुसती वजाबाकी केली तर १०० लोकांना आवडलेला आणि ६० जणांना नावडलेला प्रतिसाद ४० गुण घेऊन वर बसतो, आणि ३० जणांना आवडलेला, एकालाही न नावडलेला त्याच्या खाली जातो. टक्केवारी घेतली तर एकाच मताचा प्रतिसाद १०० टक्के घेऊन ९९ टक्केवाल्याच्या डोक्यावर बसतो. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेलं एक सूत्र इथे कामी येतं. मतं जितकी कमी तितका संशय जास्त धरायचा आणि प्रतिसादाची खरी पसंती किमान किती असेल त्यावर क्रम लावायचा. ९५ टक्के खात्रीने मोजलं तर एकातलं एक मत असलेल्या प्रतिसादाची किमान पसंती येते सुमारे २१ टक्के आणि शंभरातली ९९ मतं असलेल्याची सुमारे ९४.५ टक्के. रेडिटने २००९ मध्ये हे सूत्र स्वीकारलं. उशिरा आलेल्या चांगल्या उत्तराला वर सरकायची संधी यातूनच मिळते. आमच्या त्या फिजिओथेरपिस्टला ती मिळायला हवी होती.

पण मतांवर आंधळा विश्वास टाकू नका. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका स्थळावरच्या एक लाखाहून जास्त प्रतिसादांपैकी काहींना संशोधकांनी कोणताही विचार न करता, निव्वळ चिठ्ठी टाकल्यासारखं, सुरुवातीलाच एक पसंतीचं मत दिलं. त्या एका मताने शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. एकाने मान डोलावली की पुढचेही डोलावतात. म्हणून पहिला तास-दोन तास गुण झाकून ठेवा. क्रम लावायला ते आतून वापरा, पण वाचकाला आकडा दाखवू नका.

नापसंतीच्या बटणाबद्दल माझं मत वर्षागणिक कडक होत गेलं आहे. आपला प्रतिसाद खाली ढकलला की माणूस शहाणा होईल, असं आपण धरून चालतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट दिसलं. ज्यांना नापसंती मिळाली ते पुढे जास्त लिहू लागले, त्यांचं लेखन आणखी खालावलं आणि तेही इतरांना नापसंती देऊ लागले. सगळ्यांत लवकर सोडून गेले ते ज्यांच्याकडे कुणी लक्षच दिलं नाही ते. नापसंती ठेवायचीच असेल तर ती जुन्या, विश्वासातल्या सदस्यांच्या हाती ठेवा. स्लॅशडॉट या १९९७ पासूनच्या स्थळाने फार पूर्वीच एक चांगली वाट काढली होती: मत देण्याचा अधिकार सगळ्यांना कायमचा द्यायचा नाही, नीट वागणाऱ्यांपैकी काहींना अधूनमधून मोजकेच गुण वाटायला द्यायचे, आणि गुण देताना 'माहितीपूर्ण', 'अवांतर' असं कारण निवडायला लावायचं. कारण निवडावं लागलं की हात आपोआप जपून चालतो.

एकाखाली एक सरकत जाणारे उपप्रतिसाद हवेत की सगळे एका रांगेत, यावर मी फार वेळ घेणार नाही. पन्नासच्या आतला धागा असेल तर एक रांग उत्तम, कारण लिहिणारा सगळ्यांना उद्देशून लिहितो. शंभरच्या पुढे रांगेत कुणी कुणाला म्हटलं तेच कळत नाही. उपप्रतिसाद ठेवलेत तर दोन-तीन पायऱ्यांवर थांबवा, आणि सगळ्यांत वरच्या प्रतिसादाखालची उत्तरं मिटलेली ठेवा. नाहीतर वर दिसायला मिळावं म्हणून लोक पहिल्याच प्रतिसादाला लोंबकळतात.

प्रतिसाद लिहायची चौकट मात्र बारकाईने पाहा. एका स्थळावर ती शीर्षकाच्या लगेच खाली होती, मूळ लेखाच्याही वर. आत फिकट अक्षरांत लिहिलं होतं: "तुमचं मत मांडा." लोक शीर्षक वाचायचे आणि मत मांडायचे. चौकटीनेच तसं सांगितलं होतं! आम्ही ती लेखाच्या शेवटी नेली, आतले शब्द बदलून "लेखातल्या कोणत्या मुद्द्याबद्दल लिहिता आहात?" असं केलं, आणि 'पाठवा' च्या आधी 'एकदा वाचून पाहा' ही पायरी घातली. पहिल्या आठवड्यात प्रतिसाद चांगलेच घटले आणि स्थळाचे मालक अस्वस्थ झाले. पण जे येत होते त्यांत लेखातलं वाक्य उचलून त्यावर बोललेलं असायचं. महिन्याभरात लेखकमंडळी स्वतः उत्तरं द्यायला परतली. ती परतली म्हणून वाचनमात्र असलेलेही लिहू लागले.

सुरुवातीच्या प्रतिसादांना मी एवढं का जपते, त्याला आणखी एक आधार आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी माणसांना आधी सोपं किंवा अवघड कोडं देऊन त्यांचा मूड बनवला किंवा बिघडवला, आणि मग चर्चेत लिहायला सांगितलं. काहींना वरचे प्रतिसाद साधे दिसले, काहींना खवचट. मूड बिघडलेला आणि वर खवचट प्रतिसाद, अशी जोडी जमली की साध्या माणसांकडूनही वाईट लिहिण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. तुमच्या स्थळावर आज जो कडवट लिहितो आहे तो उद्या सकाळी दुसऱ्या धाग्यावर वेगळा माणूस असू शकतो. त्याला कायमचं हाकलण्याआधी हे आठवा.

खरं नाव सक्तीचं करा, असं तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या स्थळांवर ओळख पडताळणी कायद्याने सक्तीची केली होती. २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवून रद्द केली. मधल्या काळात अपेक्षित सुधारणा दिसली नाही, उलट गोळा केलेली वैयक्तिक माहिती चोरीला जाण्याची जोखीम तेवढी वाढली. टोपणनाव चालेल, पण ते टिकाऊ हवं. दहा वर्षं एकाच टोपणनावाने लिहिणारा त्या नावाला जपतो. त्रास असतो तो दर आठवड्याला नवा डुआयडी, म्हणजे वेगळ्या नावाचं दुसरं खातं, काढून येणाऱ्याचा. त्यावर उपाय म्हणजे नव्या खात्याला सगळे अधिकार पहिल्या दिवशी न देणं. २०१३ मध्ये आलेल्या डिसकोर्स या चर्चाप्रणालीत विश्वासाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत आणि खालच्या पायऱ्या चढायला नुसतं वाचत राहणंही मोजलं जातं. ही कल्पना उचलण्यासारखी आहे. मेटाफिल्टर या चर्चास्थळाने २००४ पासून नव्या खात्याला पाच डॉलर घ्यायला सुरुवात केली. रक्कम क्षुल्लक आहे, पण खातं बंद झालं तर काहीतरी जातं एवढं ती नक्की लक्षात आणून देते.

नव्यांना रीत सांगायची ती धाग्यातच सांगा. नियमांचं वेगळं पान कुणी उघडत नाही. रेडिटच्या विज्ञान विभागात तेव्हा एक कोटीहून जास्त सदस्य होते. तिथे काही धाग्यांच्या माथ्यावर नियम चिकटवून आणि काही तसेच ठेवून पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. नियम समोर असले तर पहिल्यांदा लिहिणाऱ्यांचं नियम पाळण्याचं प्रमाण आठ टक्के-अंकांहून अधिक वाढलं. मला त्यापेक्षा सुखावून गेला तो दुसरा आकडा: नव्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवले तर लोक बिचकतील अशी भीती मालकांना नेहमी वाटते. प्रत्यक्षात इथे कसं बोलायचं ते कळलं म्हणून लोकांना बोलण्याचा धीर आला. प्रतिसाद काढून टाकावा लागला तर एका ओळीत कारणही लिहा. कारण कळलेल्या माणसाकडून तीच चूक पुन्हा होण्याचं प्रमाण कमी असतं.

आणि खोल्या करा. वीस हजारांना एका सभागृहात बसवाल तर प्रत्येक जण अनोळखी गर्दीसमोर भाषण ठोकेल. विषयवार विभाग पाडा, प्रत्येकाला दोन-तीन संपादक द्या, आणि विभागातली नावं परत परत समोर येतील इतपतच तो मोठा होऊ द्या. मात्र सुरुवातीलाच तीस विभाग उघडू नका. रिकाम्या खोलीत कोणी थांबत नाही. एखाद्या विषयाचे धागे मुखपृष्ठावर दाटी करू लागले की त्याला स्वतंत्र जागा द्या, आणि तिथे आधीपासून चांगलं लिहिणाऱ्यालाच संपादक व्हायला विचारा.

एकदम सगळं बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही आणि जुने सदस्य बिथरतील. पहिल्या आठवड्यात फक्त मुखपृष्ठाचा क्रम. मग महिनाभर थांबून चौकटीची जागा आणि तिच्यातले शब्द. मतदान त्यानंतर. प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर पन्नास धागे घ्या, छापून काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. ज्या प्रतिसादात वरच्या मजकुरातल्या एखाद्या नेमक्या मुद्द्याला उत्तर आहे, त्यावर खूण करा. भेटींचे आणि प्रतिसादांचे आकडे काहीही सांगोत, मी तुमच्या जागी असते तर फक्त त्या खुणा मोजल्या असत्या. पहिले पन्नास धागे स्वतः वाचा, ते काम दुसऱ्या कुणाकडे देऊ नका.